अवकाशातील पेढी : विज्ञानकथेतील कौटुंबिक खाण-वाहतूक व्यवसाय आणि मराठी विज्ञानकथा

प्रस्तावना

विज्ञानकथेचा विचार करताना मराठी समीक्षेचे लक्ष मुख्यतः दोन प्रश्नांभोवती राहिले आहे. कथेत विज्ञान किती आणि कथा किती, हा पहिला प्रश्न; कथेतील कल्पना विज्ञानाच्या नियमांशी सुसंगत आहे काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. मात्र त्यांच्या चर्चेत तिसरा एक प्रश्न मागे पडला. कथेतील यान कोणाच्या मालकीचे आहे? त्याच्या इंधनाचा खर्च कोण करतो, त्यात कोण राबतो, त्याला मजुरी काय मिळते आणि प्रवासाअंती उरणारा नफा कोणाच्या वहीत जमा होतो? अवकाशाची कथा ही अर्थव्यवहाराचीही कथा असू शकते, याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

इंग्रजी विज्ञानकथेत या प्रश्नाभोवती एक स्वतंत्र परंपराच निर्माण झालेली आहे. लघुग्रहांवरील खाणकाम आणि ग्रहांदरम्यानची मालवाहतूक करणारी कौटुंबिक कंपनी हे तिचे एक ठळक रूप होय. एकच यान हे घर, कारखाना आणि दुकान. आजी, आई-वडील, मुले हेच मालक, हेच नोकर. आणि बाहेर बलाढ्य कंपन्या व दूरची सरकारे, अशी ही मांडणी असते. भारतीय वाचकाला, त्यातही सोलापूरसारख्या व्यापारी व कारखानदारी परंपरा असलेल्या जिल्ह्यातील वाचकाला, ती अपरिचित वाटण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंबाची पेढी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. असे असता मराठी विज्ञानकथेच्या मुख्य प्रवाहात ही पेढी का आली नाही, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्देश आणि व्याप्ती

प्रस्तुत लेखाचे उद्देश तीन आहेत : (१) निवडक इंग्रजी विज्ञानकथांतील कौटुंबिक खाण-वाहतूक व्यवसायाच्या चित्रणाचे स्वरूप तपासणे, (२) या चित्रणाला समांतर ठरणारे सोलापूर परिसरातील ऐतिहासिक वास्तव लक्षात घेणे, (३) या दोहोंच्या पार्श्वभूमीवर मराठी विज्ञानकथेच्या मर्यादेची कारणमीमांसा करणे. विवेचनासाठी रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘द रोलिंग स्टोन्स’ (१९५२) व ‘सिटिझन ऑफ द गॅलक्सी’ (१९५७) आणि सी. जे. चेरी यांची ‘मर्चंटर्स लक’ (१९८२) या तीन कादंबऱ्या प्रामुख्याने घेतल्या आहेत.

१. घर हेच जहाज का?

या कथांतील कुटुंब ही केवळ भावनिक सोय नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अवकाशातील अंतरेच अशी आहेत की तेथे कुटुंबाला आर्थिक अर्थ प्राप्त होतो. आजच्या रॉकेटांनी मंगळावर पोहोचण्यास साधारणतः सात ते नऊ महिने लागतात. मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रहांचा पट्टा त्याहून दूर आहे. ‘सायकी’ या धातुसंपन्न मानल्या गेलेल्या लघुग्रहाकडे अमेरिकेचे यान ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाले. ते तेथे २०२९ मध्ये पोहोचणे अपेक्षित आहे. ज्या व्यवसायात एक फेरी काही वर्षांची असते, त्यात घर मागे ठेवून नोकरीवर जाणे आणि सुट्टीला परत येणे शक्य होत नाही. घर बरोबर न्यावे लागते, अथवा घर सोडावे लागते.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. जेथे न्यायालय दूर असते, निरोप पोहोचण्यास वेळ लागतो आणि माल मात्र आज हातात द्यावा लागतो, तेथे लेखी करारापेक्षा नात्याचा शब्द अधिक उपयोगी पडतो. हुंडीच्या व्यवहारात भारतातील पेढ्या याच तत्त्वावर चालत आल्या. दूरच्या शहरातील आडत्या हा बहुधा भाऊबंद, जावई किंवा जातभाई असे, यामागे आपुलकीइतकाच हिशेब होता. अवकाशकथेतील कुटुंब हे या अर्थाने जुन्या पेढीचेच पुढील रूप आहे.

तिसरे कारण श्रमाचे आहे. कुटुंबातील मुलाला पगार द्यावा लागत नाही. त्याला जेवण, शिक्षण आणि वारसा मिळतो. कौटुंबिक व्यवसायाची ही ताकद आहे आणि तिच्यातच त्याचा अन्यायही दडलेला आहे. सोलापुरात हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर चादर विणणाऱ्या अनेक कुटुंबांत घर आणि कारखाना एकाच छपराखाली होता. तेथे कामाचा दिवस कोठे संपतो आणि संसार कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड असे. या कथांचे मोल ठरविताना त्या या अन्यायाकडे डोळे उघडे ठेवून पाहतात काय, हा आपला निकष असला पाहिजे.

२. ‘द रोलिंग स्टोन्स’ : सुखी कुटुंबाचा व्यापार

चंद्रावर राहणारे स्टोन कुटुंब एक वापरलेले यान विकत घेते आणि मंगळ व लघुग्रहांच्या पट्ट्याकडे निघते, एवढेच या कादंबरीचे कथानक. कॅस्टर आणि पॉलक्स ही जुळी मुले व्यापाराच्या कल्पनांनी भारलेली आहेत. मंगळावर विकण्यासाठी ती जुन्या सायकली बरोबर घेतात. पुढे लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणकामगारांना किराणा व चैनीच्या वस्तू विकण्याचा बेत ती आखतात. खनिज शोधणाऱ्यापेक्षा त्याला अन्न आणि अवजारे विकणारा दुकानदार अधिक सुरक्षितपणे श्रीमंत होतो, हा या मुलांचा सिद्धांत आहे. खाणींच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला त्यातील तथ्य पटेल.

हाइनलाइन यांचे कौशल्य असे, की व्यापाराचे गणित ते कथेच्या ओघात समजावून देतात. सायकली नेणे परवडते, कारण कुटुंब तसेही प्रवासाला निघालेले आहे. मालाला स्वतंत्र यान करावे लागत नाही. मंगळावर मिळालेला ‘फ्लॅट कॅट’ हा मऊ, गुरगुरणारा प्राणी यानात भरपूर अन्न मिळताच बेसुमार वाढतो आणि धान्यसाठा धोक्यात येतो. अखेर हेच संकट थंड कोठीत साठवून एकाकी खाणकामगारांना विकले जाते. संकटाचा माल करणे ही व्यापारी बुद्धीची कसोटी आहे आणि लेखक तिची गंमत मनापासून घेतो.

मात्र समीक्षकाने येथे थांबून पाहिले पाहिजे. स्टोन कुटुंबाला या व्यापाराची खरी गरज नाही. वडील दूरचित्रवाणी मालिका लिहितात, आई डॉक्टर आहे, मुलांकडे त्यांच्या एका शोधातून आलेला पैसा आहे. तोटा आला तरी कोणी उपाशी राहणार नाही. म्हणून कादंबरीत जोखीम आहे, पण दारिद्र्य नाही. ज्यांना माल विकला जातो ते खाणकामगार पार्श्वभूमीवरच राहतात. हेझेल ही आजी मात्र कादंबरीला काहीशी खोली देते. ती मूळची अभियंता. तिला डावलून पुरुष सहकाऱ्यांना बढती मिळाली म्हणून तिने तो पेशा सोडलेला आहे. ज्या स्त्रीला नोकरीत स्थान मिळाले नाही, तिला कौटुंबिक यानात अधिकार मिळतो. कुटुंब हे येथे संस्थेच्या अन्यायावरचे आश्रयस्थान ठरते. लेखकाने हा धागा पुढे नेला नाही. पुढील लेखकांनी तो नेला.

३. ‘सिटिझन ऑफ द गॅलक्सी’ : नात्याचे स्वातंत्र्य आणि नात्याची कैद

या कादंबरीचा आरंभ भारतीय वाचकाला चकित करणारा आहे. गुलामांचा बाजार जेथे भरतो त्या दूरच्या ग्रहावरील राजधानीचे नाव ‘जबलपूर’ आहे. थॉर्बी हा मुलगा तेथे विकला जातो. एक भिकारी त्याला विकत घेऊन वाढवतो. पुढे तो ‘सिसू’ या मुक्त व्यापाऱ्यांच्या यानावर दत्तक म्हणून येतो, आणि अखेरीस पृथ्वीवर आल्यावर आपण एका प्रचंड कंपनीचे वारस आहोत, हे त्याला कळते. गुलामगिरी, कौटुंबिक पेढी आणि महाकंपनी अशा तीन आर्थिक व्यवस्थांतून एकच माणूस जातो. कादंबरीची ही रचना अत्यंत अर्थपूर्ण आहे.

‘सिसू’वरील जीवन हा या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग होय. या यानावर प्रत्येकाचे स्थान नात्याने ठरते. कोण कोणाला काय म्हणून हाक मारील, कोणापुढे कोण उभा राहील, कोणाचा विवाह कोणाशी होऊ शकेल, हे सारे काटेकोरपणे निश्चित आहे. यानातील लोक दोन गटांत विभागलेले असून निषिद्ध नात्यात जवळीक निर्माण होण्याची शक्यता दिसताच मुलीला दुसऱ्या यानावर पाठविले जाते. यानाबाहेरच्या माणसाला हीन लेखले जाते. इरावती कर्वे यांचा भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचलेल्या अभ्यासकाला ‘सिसू’वरील व्यवस्था परग्रहावरची वाटणार नाही. चुलता, मामा, आत्या, मावशी, भावजय, नणंद असे नात्यांचे सूक्ष्म भेद जपणाऱ्या मराठी भाषेत ही प्रकरणे इंग्रजीपेक्षा अधिक स्वाभाविकपणे लिहिता आली असती, असेही म्हणता येईल.

यानावर वास्तव्याला असलेली एक मानववंशशास्त्रज्ञ स्त्री थॉर्बीला या समाजाचे मर्म समजावून सांगते. हे लोक विश्वात सर्वांत स्वतंत्र आहेत, कारण त्यांचे यान कोणाचेही अंकित नाही. परंतु यानातील एकही व्यक्ती स्वतंत्र नाही. कौटुंबिक पेढीवरील यापेक्षा अचूक भाष्य विज्ञानकथेत क्वचितच सापडेल. पेढी स्वायत्त राहते, कारण तिच्यातील माणसे स्वतःची स्वायत्तता तिच्या स्वाधीन करतात.

कादंबरीचा शेवटचा भाग तुलनेने सपाट आहे. वारसाहक्काने मिळालेल्या कंपनीचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध असल्याचे थॉर्बीच्या ध्यानात येते आणि तो बैठका, मुखत्यारपत्रे व मतांची जुळवाजुळव यांत अडकतो. कलादृष्ट्या हा भाग रखडतो. विचाराच्या दृष्टीने मात्र तो आवश्यक आहे. यान विकणाऱ्या कंपनीला ते पुढे कशासाठी वापरले जाते हे ठाऊक नसते, किंवा तिला ते ठाऊक करून घ्यायचे नसते. पेढीत निदान अन्याय करणाऱ्याचा चेहरा दिसतो. कंपनीत तो ताळेबंदाआड जातो.

४. चेरी यांची यानकुटुंबे : वारसा, प्रतीक्षा आणि स्त्री

सी. जे. चेरी यांनी १९८१ च्या ‘डाउनबिलो स्टेशन’ या कादंबरीपासून व्यापारी यानकुटुंबांचे एक सविस्तर विश्व उभे केले. या कादंबरीला १९८२ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यांच्या विश्वात यानाचे नाव हीच माणसाची ओळख असते. मूल आईच्या यानाचे असते. वडील दुसऱ्या यानावरचे असतात आणि बंदरातील भेटीपुरते येतात. यामुळे वंश आणि मालमत्ता स्त्रीच्या बाजूने चालते.

‘मर्चंटर्स लक’मध्ये दोन कुटुंबे समोरासमोर आहेत. सँडर हा एका नष्ट झालेल्या कुटुंबाचा शेवटचा वारस. लुटारूंनी त्याचे सारे आप्त मारले. जुने, मोडकळीस आलेले यान तो खोट्या कागदपत्रांवर जवळजवळ एकट्याने चालवतो. अ‍ॅलिसन ही एका मोठ्या, सुस्थित यानकुटुंबातील मुलगी. तिच्याकडे सर्व काही आहे, फक्त संधी नाही. वरिष्ठ आप्त इतके आहेत की यानाच्या सुकाणूपर्यंत तिचा क्रम येण्यास आयुष्य जाईल. एकाकडे यान आहे आणि माणसे नाहीत, दुसरीकडे माणसे आहेत आणि जागा नाही. या दोन अभावांच्या भागीदारीतून कथानक घडते.

येथे चेरी यांनी कौटुंबिक व्यवसायाच्या दोन मूलभूत आजारांवर बोट ठेवले आहे. पहिला, कुटुंब नाहीसे झाले की व्यवसायाचा अर्थ हरवतो. दुसरा, कुटुंब फार वाढले की तरुणांची उमेद प्रतीक्षेत संपते. एकत्र कुटुंबाच्या दुकानात गल्ल्यावर बसण्याची वाट पाहत केस पिकलेले धाकटे भाऊ आपण पाहिलेले आहेत. चेरी यांचे मोठेपण असे, की त्यांनी प्रेमकथेला भांडवलाच्या व्यवहारापासून वेगळे केले नाही. अ‍ॅलिसन सँडरच्या यानात कुटुंबाचा पैसा गुंतवते, त्या क्षणापासून त्यांच्यातील प्रेम, संशय आणि मालकी यांची गुंतागुंत सुरू होते.

स्त्रीवंशाचा मुद्दा आपल्या संदर्भात विशेष विचारणीय आहे. मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी दीर्घकाळ सहदायाद नव्हती. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशपातळीवर २००५ च्या दुरुस्तीने तिला तो हक्क मिळाला. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. चेरी यांनी १९८१ मध्ये कल्पिलेल्या यानावर हा प्रश्न वेगळ्या रीतीने आधीच सुटलेला आहे. विज्ञानकथेचे सामर्थ्य यंत्रांच्या भाकितापेक्षा अशा सामाजिक पर्यायांच्या मांडणीत अधिक असते, हे यावरून दिसते.

५. उलट बाजू : कुटुंबाविना कंपनी

या परंपरेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटातील ‘नॉस्ट्रोमो’ हे खनिज वाहून नेणारे यान आहे. त्यातील माणसे पगारी नोकर आहेत. त्यांतील यंत्र सांभाळणारे दोघे आपल्या कमी हिश्श्याबद्दल कुरकुरतात. कंपनीला परजीव हवा आहे आणि त्यासाठी नोकरांचे प्राण गेले तरी तिला चालणार आहे. ‘आउटलँड’ (१९८१) या चित्रपटात गुरूच्या उपग्रहावरील खाणीत उत्पादन वाढविण्यासाठी कामगारांना घातक उत्तेजक दिले जाते. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘द मार्शियन वे’ (१९५२) या कथेत पृथ्वी मंगळवासीयांचे पाणी तोडते, तेव्हा ते शनीच्या कड्यांतून बर्फाचा डोंगर ओढून आणतात. तेथे कुटुंबाऐवजी वसाहतीचा सामूहिक निर्धार आहे.

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजी विज्ञानकथेने खाण आणि वाहतूक यांच्याद्वारे मालकीचे निरनिराळे प्रकार तपासून पाहिले. कौटुंबिक पेढी हा त्यांपैकी सर्वांत उबदार, आणि म्हणूनच सर्वांत सावधपणे वाचण्याजोगा प्रकार होय.

६. सोलापूरचे वास्तव : पेढीपासून प्रक्षेपकापर्यंत

या कल्पित कुटुंबांना समांतर असे एक खरे उदाहरण सोलापुरातच आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा कापूस व सावकारीचा व्यवहार बाजूला ठेवून, रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिला बुडविण्याचा प्रयत्न केला. १९४० मध्ये बंगळुरू येथे म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने त्यांनी विमानांचा कारखाना सुरू केला. तो पुढे सरकारच्या ताब्यात गेला. १९५३ मध्ये वालचंद यांचे निधन झाले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील त्यांच्या समूहाच्या कारखान्याने १९७० च्या दशकापासून भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांसाठी मोटारींची आवरणे व अन्य भाग बनविले आहेत.

रेल्वे, जहाज, विमान आणि प्रक्षेपक असा हा क्रम आहे. कोणत्याही विज्ञानकथालेखकाला हेवा वाटावा असे हे कथाबीज. वालचंद यांना पुत्र नव्हता. व्यवसायाची सूत्रे बंधू आणि पुढे पुतण्यांकडे गेली आणि उद्योग शाखांमध्ये विभागले गेले. म्हणजे वारसा, वाटणी, परकीय स्पर्धा, सरकारी ताबा असे चेरी आणि हाइनलाइन यांनी कल्पनेने उभे केलेले बहुतेक पेच येथे प्रत्यक्षात घडलेले आहेत. मराठीत वालचंद यांचे चरित्र झाले. कथा मात्र झाली नाही.

मोठ्या मालकांच्या या इतिहासाजवळच होटगीसारख्या जंक्शनचा लहान माणसांचा इतिहासही आहे. मुंबई–सोलापूर–रायचूर हा ब्रॉडगेज मार्ग आणि १८८० च्या दशकात झालेला गदगकडे जाणारा मीटरगेज मार्ग यांची गाठ या परिसरात पडली. दोन मापांच्या रुळांमुळे एका वाघिणीतील माल दुसऱ्या वाघिणीत हलवावा लागे, आणि ते काम हमालांच्या पाठीवर होई. पुढे मीटरगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि ही गाठ सुटली. आज याच परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत आणि फताटेवाडी येथे १,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याला लागणारा कोळसा मालगाड्यांतून येतो.

अवकाशातील मालवाहतुकीतही नेमकी हीच अडचण आहे. ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून वर उठणारे वाहन आणि ग्रहांदरम्यान फिरणारे वाहन एकाच बनावटीचे असणे परवडत नाही. माल कोठेतरी बदलावा लागतो. चेरी यांची स्थानके ही अशीच माल बदलण्याची ठिकाणे आहेत आणि तेथील गोदीकामगार, दलाल, अडकून पडलेले खलाशी हे त्यांच्या कथांचे प्राण आहेत. जंक्शनवरच्या माणसांना अवकाशकथेत स्थान आहे, ही गोष्ट होटगीच्या वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

७. मराठी विज्ञानकथेत पेढी का नाही?

मराठी विज्ञानकथेच्या आरंभी हा प्रश्न पूर्णपणे परका नव्हता. १९०० मध्ये ‘केरळ कोकिळ’मध्ये ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने ज्यूल व्हर्नची कादंबरी मराठीत अवतरली. व्हर्नच्या मूळ कादंबरीत चंद्रावर तोफगोळा सोडण्यासाठी देशोदेशींची वर्गणी कशी जमली याचा चक्क हिशेब आहे. परंतु पुढील मराठी परंपरेने व्हर्नचे कुतूहल घेतले, त्याची जमाखर्चाची वही घेतली नाही.

याची कारणे परंपरेच्या घडणीत शोधावी लागतील. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली आणि विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७४ मध्ये या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत नारळीकर यांची होती, ही हकिकत सर्वश्रुत आहे. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर या लेखकांनी हा प्रकार समृद्ध केला, याबद्दल दुमत नाही. मात्र लोकांत वैज्ञानिक दृष्टी रुजविणे हे परिषदेचे ध्येय होते. साहजिकच या कथेचा नायक बहुधा वैज्ञानिक झाला, स्थळ प्रयोगशाळा किंवा संशोधनसंस्था झाले आणि संघर्ष ज्ञान विरुद्ध अज्ञान असा झाला. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत हौशी खगोलनिरीक्षक दत्ताबाबू, शास्त्रज्ञांची यंत्रणा आणि घरातील श्रद्धा असा त्रिकोण आहे. कथा प्रभावी आहे; पण पृथ्वी वाचविण्याच्या मोहिमेचा खर्च आणि लाभ हा तिचा विषय नाही.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. भारतातील अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन दीर्घकाळ शासनाच्या अखत्यारीत होते. या संस्थांत मालकीचा प्रश्न उपस्थित होत नसे, कारण मालक एकच होता. लेखकही बहुधा अशा संस्थांशी किंवा त्या घडविणाऱ्या मध्यमवर्गाशी जोडलेले होते. पगार ठरलेला, निवृत्तिवेतन ठरलेले. नफा-तोट्याची धाकधूक या वर्गाच्या अनुभवात नव्हती.

तिसरे कारण साहित्यव्यवहारातील विभागणीचे आहे. कुटुंब, भावकी, वाटणी, धंद्याची पडझड हे विषय मराठीने ग्रामीण कादंबरीकडे सोपविले. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये एका खेड्यातील शिंप्याचा धंदा कसा मोडतो आणि त्याबरोबर घर कसे कोसळते, हे पत्नीच्या निवेदनातून येते. कौटुंबिक व्यवसायाची इतकी भेदक कहाणी मराठीत आहे. पण ती लिहिणारी परंपरा आणि विज्ञानकथा लिहिणारी परंपरा यांची भेट झाली नाही. एकीकडे घर राहिले, दुसरीकडे यान राहिले.

एक महत्त्वाची वाट नारळीकरांनीच दाखविली होती. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभर पोहोचली. पानिपतचा निकाल उलटा लागलेल्या त्या पर्यायी जगात ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत अद्याप कारभार करीत असते. रेल्वे, कंपनी आणि राज्यसत्ता यांच्या नात्याकडे ही कथा एका दृष्टिक्षेपात पाहते. पाठ म्हणून ती शिकविताना आपण पुंजभौतिकी आणि इतिहास समजावतो. त्या कंपनीचे भागधारक कोण आणि तिचे हमाल कोण, असा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

८. प्रश्न आजचा का आहे?

लघुग्रहांवरील खाणकाम प्रत्यक्षात अद्याप अत्यंत प्राथमिक अवस्थेत आहे. जपानच्या ‘हायाबुसा २’ने २०२० मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरील सुमारे ५.४ ग्रॅम, तर अमेरिकेच्या ‘ओसायरिस रेक्स’ने २०२३ मध्ये बेन्नूवरील १२१.६ ग्रॅम नमुना पृथ्वीवर आणला. या व्यवसायासाठी २०१२ मध्ये गाजावाजा करून पुढे आलेली ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ ही कंपनी २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

कायदा मात्र खनिजाच्या पुढे धावतो आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कोणत्याही राष्ट्राला खगोलीय वस्तूवर सार्वभौमत्व सांगण्यास मनाई केली. १९७९ च्या चंद्रकराराने तेथील संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानली. भारताने त्यावर १९८२ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु त्यास अनुसमर्थन दिले नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आपल्या नागरिकांना अवकाशातून काढलेल्या खनिजांवर मालकी दिली. भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर स्वाक्षरी केली, आणि त्याच वर्षीच्या भारतीय अवकाश धोरणाने खाजगी संस्थांना लघुग्रहांवरील संपत्ती मिळविणे, बाळगणे, वाहून नेणे व विकणे यांचा हक्क, लागू कायद्यांच्या आणि आंतरराष्ट्रीय बंधनांच्या अधीन राहून, मान्य केला.

सामाईक वारसा आणि खाजगी वारसा यांतील हा झगडा आहे. ‘वारसा’ हा शब्द दोन्हीकडे आहे, हे लक्षणीय होय. उद्या या क्षेत्रात उतरणाऱ्या भारतीय कंपन्यांत कौटुंबिक नियंत्रणाच्या कंपन्याही असतील, हे आपल्या उद्योगजगताची रचना पाहता सहज संभवते. त्यांच्याविषयी बोलण्यासाठी मराठीत शब्द, प्रतिमा आणि कथा हव्यात. आपल्या महाविद्यालयांतील पहिल्या पिढीचे विद्यार्थी उद्या सर्वच जण वैज्ञानिक होणार नाहीत. त्यांतील अनेक जण मालधक्क्यावर, कारखान्यात, वाहतूक कंपनीत किंवा घरच्या दुकानात काम करतील. भविष्याच्या कथेत केवळ वैज्ञानिकालाच जागा असेल, तर या विद्यार्थ्यांना ते भविष्य परक्याचे वाटल्यास नवल नाही.

निष्कर्ष

१. इंग्रजी विज्ञानकथेतील कौटुंबिक खाण-वाहतूक कंपनी ही रंजनासाठी योजलेली केवळ पार्श्वभूमी नसून, अंतर, विश्वास आणि श्रम यांच्या आर्थिक तर्कातून आलेली रचना आहे.

२. हाइनलाइन यांच्या पहिल्या कादंबरीत हे कुटुंब सुखवस्तू व संघर्षहीन आहे. दुसऱ्या कादंबरीत पेढीचे स्वातंत्र्य आणि व्यक्तीचे पारतंत्र्य यांतील विरोध उघड होतो. चेरी यांच्या लेखनात वारसा, प्रतीक्षा आणि स्त्रीचा हक्क यांना मध्यवर्ती स्थान मिळते. कलात्मक व वैचारिक दृष्टीने या तिघींत ‘मर्चंटर्स लक’ अधिक परिपक्व ठरते.

३. वालचंद समूहाचा इतिहास आणि होटगीसारख्या जंक्शनचे मालवाहतुकीचे जीवन पाहता या विषयाची सामग्री मराठी लेखकाच्या अगदी दाराशी होती. ती न वापरली जाण्याची कारणे विज्ञानप्रसाराचे ध्येय, शासकीय संस्थांचा प्रभाव आणि ग्रामीण व विज्ञान साहित्य यांच्यातील दुरावा यांत आहेत.

४. विज्ञानकथा अध्यापनात समाविष्ट करताना कल्पनेच्या शास्त्रीय अचूकतेबरोबर मालकी, श्रम आणि वारसा यांचेही प्रश्न विचारले जावेत. ‘पाचोळा’ आणि एखादी विज्ञानकथा एकाच घटकात शेजारी ठेवून शिकविल्यास हा दुरावा कमी होण्यास आरंभ होईल.

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अवकाशात फिरणाऱ्या घराचे वासे कोणत्या दिशेला फिरतील, ते कोणाच्या खांद्यावर असतील आणि त्यांचा भार कोण मोजील, हे प्रश्न यापुढे मराठी विज्ञानकथेने आणि तिच्या समीक्षेने आपले मानले पाहिजेत.